शामन कोणाला बांधील असतो?

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, इग्लुलिकच्या आसपास राहणाऱ्या इनुइट लोकांची एक कथा क्नुद रासमुसेन या डॅनिश संशोधकाने १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत लिहून घेतली. रासमुसेन ग्रीनलंडमध्ये वाढलेले होते आणि तिथली, इग्लुलिकच्या भाषेला जवळची असलेली इनुइट भाषा त्यांना लहानपणापासून येत होती. त्यामुळे दुभाष्याची गरज न पडता ते शामनांशी, म्हणजे आत्म्यांशी संपर्क साधून वस्तीसाठी उपाय करणाऱ्या माणसांशी, तासन्‌तास बोलू शकत होते.

कथा अशी. समुद्राच्या तळाशी एक स्त्री राहते. एके काळी ती माणसांतलीच होती. भर वादळात बापाने तिला होडीतून ढकललं. तिने होडीचा काठ घट्ट धरला, तेव्हा त्याने तिची बोटं तोडली. त्या तुटलेल्या पेरांचे सील झाले, वॉलरस झाले. म्हणजे माणसं जे खातात, अंगावर घालतात, ज्याच्या चरबीवर दिवा पेटवतात, ते सगळं एका मुलीच्या तुटलेल्या बोटांतून आलेलं आहे. वर कोणी नियम मोडले की त्याची घाण खाली तिच्या केसांत साचत जाते. तिला बोटंच नाहीत, केस विंचरणार कशाने? ती संतापते, प्राण्यांना आपल्यापाशी अडवून ठेवते आणि वरच्या वस्तीत उपासमार सुरू होते.

मग अंगाकुक, म्हणजे त्यांचा शामन, तिच्याकडे जातो. घरात सगळे जमतात. दिवे विझवले जातात, लोक डोळे मिटून घेतात, कपड्यांच्या गाठी आणि पट्टे सैल करतात. पडद्यामागे बसलेला शामन म्हणतो, वाट माझ्यासाठी उघडते आहे. लोक एका सुरात उत्तर देतात, तसंच होवो. त्याचा आवाज दूर दूर जातो. तळाशी ती स्त्री दिव्याकडे आणि प्राण्यांकडे पाठ फिरवून बसलेली असते. तो तिच्या खांद्याला धरून तिला उजेडाकडे वळवतो, केसांवरून हात फिरवतो, तिची समजूत काढतो. ती सांगते की तुमच्या लोकांच्या अपराधांनीच वाट अडवली आहे. हळूहळू तिचा राग निवळतो आणि प्राणी सुटतात.

ही कथा आता जगभर सांगितली जाते आणि बहुतेक जण ती इथेच थांबवतात. रासमुसेन यांच्या नोंदीत ती पुढे जाते, आणि माझ्या मते तिचा जीव त्या पुढच्या भागात आहे. शामन धापा टाकत परत येतो. घर गप्प असतं. मग तो म्हणतो, आता शब्द वर येतील. आणि एकेक जण बोलू लागतो. कोणी निषिद्ध वेळी मांस खाल्लेलं असतं, कोणा बाईने गर्भपात झाल्याचं लपवलेलं असतं. रात्रभर ही कबुली चालते. ज्याच्यावर बोट येतं तो घरात नसला तर त्याला बोलावून आणतात. एकाच्या लपवाछपवीने सगळ्यांच्या पोटावर पाय येतो, आणि तीच गोष्ट सगळ्यांसमोर बोलली गेली की सगळ्यांची सुटका होते. अपराध सांगणाऱ्यावर कोणी तुटून पडत नाही, लोकांना आनंद होतो, कारण आता शिकार मिळणार असते.

शामनाचा समुद्रतळाचा प्रवास हा या सगळ्यातला मधला टप्पा आहे. त्याच्या आधी भूक आहे आणि नंतर कबुली आहे. दोन्ही काढून टाकल्या तर उरतं ते एका माणसाचं रोमांचक स्वप्न. आज शामनी शिकवण म्हणून जे जगभर विकलं जातं त्यात बहुतेक वेळा नेमकं एवढंच उरलेलं असतं, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

अशा एका ऑनलाइन शिबिरात मी भाग घेतला होता. चालवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी हीच कथा सांगितली. शेवटी सूचना आली की डोळे मिटा, आपल्या आत दुखावलेली जी स्त्री आहे तिचे केस विंचरा आणि काय दिसलं ते आपापल्या वहीत लिहा. वही कोणाला दाखवायची नव्हती. जी कथा सगळ्या वस्तीला एका खोलीत आणून बोलतं करण्यासाठी घडली, ती प्रत्येकाला आपापल्या खोलीत एकटं बसवण्यासाठी वापरली गेली. इनुइट लोकांचं नाव सुरुवातीला एकदा आलं, नंतर नाही. सील, भूक, निषिद्ध मांस यांचा तर उल्लेखही झाला नाही.

यात बिघडलं काय, असं कोणी विचारेल. कोणाला बरं वाटलं, कोणाचं मन हलकं झालं, कोणाचं काही हिरावलं तर नाही. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेस या डोंगराळ गावाची हकीकत मला या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर वाटते. मारिया साबिना ही तिथली माझातेक जमातीची उपचार करणारी स्त्री. १९५५ च्या जूनमध्ये गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कचे बँकर तिच्या रात्रभराच्या विधीला बसले. तिथे पवित्र मानली जाणारी अळंबी खाल्ली जाते, आणि माझातेक लोक त्यांना ‘लेकरं’ म्हणतात. विधी कशासाठी हवा असं विचारलं जातं, हे माहीत असल्यामुळे आपल्याला मुलाच्या खुशालीची काळजी आहे, असं वॉसन यांनी सांगितलं. तो बहाणा होता, हे त्यांनी पुढे मान्यही केलं. १९५७ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ मासिकात त्यांचा लेख आला. त्यात बाईचं आणि तिच्या लोकांचं नाव त्यांनी बदललं होतं, पण खरं ठिकाण फार काळ लपलं नाही. देशोदेशीचे लोक त्या गावाकडे येऊ लागले, मागून पोलीस आले. गावाने याचा दोष मारिया साबिना यांना दिला. त्यांचं घर जाळलं गेलं. १९८५ मध्ये त्या गरिबीतच वारल्या.

उतारवयात त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वॉसन येण्यापूर्वी देवाला भेटायचं म्हणून लेकरं कोणी खात नसे. आजारी माणूस बरा व्हावा म्हणूनच ती खाल्ली जात. बाहेरची माणसं आल्यापासून लेकरांची ताकद गेली, असंही त्या म्हणाल्या. समोर तापाने फणफणलेलं मूल नाही, त्याची आई नाही, सकाळी मूल बरं झालं की नाही हे विचारायला येणारा शेजारी नाही, तर तो विधी कशाला उत्तर देणार? अॅमेझॉनच्या खोऱ्यातही पुष्कळ ठिकाणी अयाहुआस्का या वेलीचा काढा उपचार करणारा स्वतः पीत असे आणि रोगी पीत नसे. रोग शोधण्याचं काम त्याचं होतं. आज पेरूतल्या इकितोसभोवतीच्या निवासांमध्ये प्रत्येक पाहुण्याच्या हातात पेला असतो, कारण प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवाचे पैसे भरलेले असतात.

याला विरोधी बाजू आहे आणि ती हलकी नाही. मायकल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने इक्वेडोरमधल्या शुआर आणि पेरूमधल्या कोनिबो लोकांमध्ये काम केलं, त्यांच्याकडून दीक्षेसारखं शिक्षण घेतलं, आणि १९८० च्या सुमारास सगळ्या संस्कृतींमध्ये सापडणारा शामनी गाभा वेगळा काढून शिकवायला सुरुवात केली. ढोल एका लयीत, मिनिटाला दोनशेहून थोडे जास्त ठोके पडतील असा वाजवायचा, डोळे झाकून पडायचं, खालच्या किंवा वरच्या लोकात जायचं. कोणत्याही वनस्पतीची गरज नाही, कोणत्याही जमातीचा पोशाख नाही. त्यांचं म्हणणं असं की ही माणसाच्या मेंदूची आणि मनाची शक्ती आहे, युरोपातल्या लोकांकडूनही ती एकेकाळी धर्मसत्तेने हिसकावून घेतली, मग आज ती परत मिळवण्याचा हक्क त्यांना का नसावा?

एवढ्यापुरतं मला त्यांचं म्हणणं पटतं. एका लयीत वाजणारा ढोल कोणाच्या मालकीचा नाही. मी स्वतः रोज पहाटे थोडा वेळ ढोल वाजवत बसतो आणि त्यातून मला जे मिळतं ते खरं आहे. विचारांची गर्दी ओसरते, कधी चित्रं दिसतात, कधी गेलेल्या माणसांशी बोलल्यासारखं होतं. या सवयीला मी माझी सवय म्हणतो. तिला शामनी साधना म्हणत नाही, कारण माझ्या त्या बसण्यावर कोणाची भूक, कोणाचा ताप अवलंबून नाही, आणि माझं चुकलं तर माझ्या दारात येऊन जाब विचारणारंही कोणी नाही.

हार्नर यांच्या मांडणीत हा जाब विचारणारा माणूसच गळून पडतो. गाभा काढायला घेतला आणि त्यांनी अनुभव ठेवला, बांधिलकी टरफल समजून बाजूला केली. माझ्या वाचनात आलेल्या परंपरांमध्ये मला उलटं दिसतं. सायबेरियातल्या अनेक जमातींमध्ये शामन होण्याची हाक आली की माणूस घाबरतो, टाळतो, आजारी पडतो. कोरियात या आजाराला वेगळं नावच आहे. घरचे लोक रडतात, कारण आता हा माणूस आपला राहिला नाही, तो सगळ्यांचा झाला, रात्री-बेरात्री त्याला उठवणार, आणि रोगी दगावला तर बोल त्यालाच लागणार. ज्या पदापासून माणसं पळत होती त्याचं प्रमाणपत्र आठवडाअखेरच्या शिबिरात मिळू लागलं, यावरूनच ते पद आता वेगळं झालं आहे हे कळतं.

बांधिलकी म्हणजे काय, हे दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर सर्वांत ठळक दिसतं. ३ एप्रिल १९४८ ला तिथे उठाव झाला आणि तो मोडून काढताना १९५४ पर्यंत सुमारे २५ ते ३० हजार माणसं मारली गेली. बेटाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम तीन लाखांच्या घरात होती. बहुतेक मृत्यू सरकारी बाजूकडून झाले. पुढे कित्येक दशकं त्याबद्दल बोलणं धोक्याचं होतं. मेलेल्याला बंडखोर ठरवलं की त्याच्या नातेवाइकांना नोकरी मिळायची नाही, पोलिसांची नजर राहायची. वर्तमानपत्रं गप्प, शाळा गप्प. पण जेजूचे शामन, ज्यांना तिथे सिम्बांग म्हणतात, घरोघरी मृतांसाठी विधी करत राहिले. त्या विधीत एक टप्पा असा येतो की सिम्बांगच्या तोंडून मेलेला माणूस बोलतो. मला कुठे नेलं, कसं मारलं, माझं प्रेत कुठे पडलं आहे, हे तो रडत रडत सांगतो, आणि समोर बसलेली आई किंवा बायको त्याच्याशी बोलते, त्याला खाऊ घालते.

जे बाहेर उच्चारता येत नव्हतं ते तिथे उच्चारलं जात होतं. आत्मा खरोखर बोलतो का, या वादात मला पडायचं नाही. सिम्बांगचा शब्द शेजारपाजारच्या माणसांच्या साक्षीने तपासला जात होता, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणालातरी त्या रात्रीची खरी हकीकत ठाऊक असायची. खोटं बोलून भागणार नव्हतं. राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली ती २००३ मध्ये. तोवर अर्धं शतक ही स्मृती सांभाळणाऱ्यांत हे शामन होते, आणि त्या काळात सरकार त्यांच्या विधींनाही अंधश्रद्धा म्हणून हिणवत होतं, बंद पाडत होतं.

छळाचा हा भाग विसरून या विषयावर बोलता येत नाही. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला सामी लोकांच्या शामनांचे ढोल सतराव्या-अठराव्या शतकात पाद्र्यांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी जप्त केले, जाळले. आज जुन्यांपैकी सुमारे सत्तरच उरले आहेत आणि त्यातले बहुतेक संग्रहालयांत आहेत. आंदेर्स पौलसेन या म्हाताऱ्या सामी माणसावर नॉर्वेतल्या वाड्सो इथे जादूटोण्याचा खटला चालला. ढोलावरच्या एकेका चित्राचा अर्थ त्याने न्यायालयाला समजावून सांगितला. निकाल लागण्याआधीच १६९२ मध्ये कोठडीत त्याचा खून झाला. त्याचा ढोल डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात गेला आणि तिथून राष्ट्रीय संग्रहालयात. त्याची मालकी सामी लोकांच्या काराशोक इथल्या संग्रहालयाकडे आली ती २०२२ मध्ये. स्वीडनमध्ये लार्स निल्सन याला १६९३ मध्ये जुन्या धर्मासाठी मृत्युदंड देऊन जाळण्यात आलं. सोव्हिएत राजवटीत सायबेरियातल्या शामनांचा मताधिकार काढला, त्यांना तुरुंगात टाकलं, ढोल हिसकावले. अमेरिकेत १८८३ च्या नियमांनी मूळ रहिवाशांचे सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले, आणि धर्मस्वातंत्र्याचा खास कायदा त्यांच्यासाठी झाला तो थेट १९७८ मध्ये.

हे लक्षात घेतलं की अमेरिकेच्या या मूळ रहिवाशांपैकी लाकोटा लोकांचा १९९३ चा ठराव कठोर वाटत नाही. आपल्या विधींचा धंदा करणाऱ्यांविरुद्ध त्यांनी त्या जूनमध्ये शब्दशः युद्ध पुकारलं. ज्या गोष्टीसाठी आजोबांना कोंडलं, तीच गोष्ट दुसरा कोणी शुल्क घेऊन शिकवतो, तेव्हा राग येणारच. २००९ मध्ये अॅरिझोनातल्या सेडोनाजवळ एका प्रेरणादायी वक्त्याने माणशी नऊ हजार डॉलरच्या वर घेऊन घामगृहाचा, म्हणजे बंद तापवलेल्या झोपडीत घाम गाळत बसण्याचा, विधी भरवला आणि त्यात तीन माणसं दगावली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल त्याला २०११ मध्ये शिक्षा झाली. लाकोटांमध्ये हा विधी चालवणारा माणूस जाणत्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं तयार होतो. आत बसलेल्याला सहन होत नसेल तर दार उघडायचं, हे त्याला सांगावं लागत नाही, कारण आत त्याचेच भाऊबंद असतात.

परंपरेचे वारसदार नेहमी शुद्ध आणि बाहेरचे नेहमी लुटारू, असं मी म्हणत नाही. सायबेरियाच्या दक्षिणेतल्या तुवामध्ये सोव्हिएत सत्ता गेल्यावर मोंगुश केनिन-लोप्सान या लेखक-अभ्यासकाने, ज्यांनी बंदीच्या काळातही शामनांची गाणी गोळा केली होती, शामनांची संघटना उभी केली. शामन दवाखान्यासारख्या खोल्यांत बसू लागले, दरपत्रक लावू लागले. १९९३ मध्ये हार्नर यांच्या संस्थेची माणसं तिथे गेली आणि त्या भेटीने तुवाच्या लोकांना बळ मिळालं, हेही नाकारता येणार नाही. पैसे घेणं हा मुळात दोष नाही, सगळीकडचे शामन काही ना काही घेतच आले आहेत. तुवातल्या शामनाने रोग्याला फसवलं तर ते किझिल शहरात चार दिवसांत पसरतं. शिबिर संपवून विमानात बसणाऱ्या शिक्षकाच्या मागे ही गोष्ट कुठेच पोहोचत नाही.

कायद्यावर विसंबून हे सुटेल असं मला वाटत नाही. अयाहुआस्काच्या वेलीच्या एका वाणावर १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाला पेटंट मिळालं होतं. अॅमेझॉनमधल्या मूळ रहिवाशांच्या महासंघाने हरकत घेतल्यावर १९९९ मध्ये ते रद्द झालं आणि २००१ मध्ये पुन्हा बहाल झालं. मूळ रहिवाशांच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातलं ११ वं कलम म्हणतं की संमतीशिवाय नेलेल्या धार्मिक आणि आध्यात्मिक ठेव्याची भरपाई सरकारांनी करावी. चांगलं कलम आहे, पण जाहीरनामा बंधनकारक नाही. आणि कथा नेली गेल्याचा पंचनामा होत नाही.

म्हणून प्रश्न शिकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या विवेकाकडे येतो, आणि तिथे माझ्यासमोर बॅरे टोलकेन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाचं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या नावाहो जमातीच्या यलोमन नावाच्या कथेकऱ्याच्या घरी त्यांनी कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या. नावाहो लोक या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, आणि त्यांत विनोदाच्या खाली उपचाराचे, शक्तीचे थर असतात. टोलकेन त्या थरांचा उलगडा करत गेले, तेव्हा तिथल्याच जाणत्यांनी त्यांना बजावलं की या वाटेने पुढे गेलास तर किंमत तुझ्या किंवा त्या घरातल्या माणसांना मोजावी लागेल. त्यांनी विश्लेषण थांबवलं. यलोमन वारल्यावर त्यांना प्रश्न पडला की आपल्यामागे हे मुद्रण उन्हाळ्यात कोणी वाजवणार नाही याची हमी कोण देणार? १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी साठहून अधिक तासांच्या त्या टेप यलोमन यांच्या पत्नीकडे पाठवून दिल्या, बहुधा त्या नष्ट केल्या जातील हे ठाऊक असूनही.

काही सहकाऱ्यांना हा ज्ञानाचा नाश वाटला. मला वाटत नाही. त्या गोष्टी टेपमध्ये जन्मल्या नव्हत्या आणि टेपमुळे जगतही नव्हत्या. टोलकेन यांनी सिद्धान्त म्हणून ऋतूचा नियम अभ्यासला असता आणि टेप ठेवून घेतल्या असत्या, तर ते त्या परंपरेबद्दल खूप काही जाणणारे, पण तिच्याकडून काहीच न शिकलेले अभ्यासक राहिले असते. परत देण्याच्या कृतीने ते त्या घराला उत्तर देणारे झाले, आणि शामनी शिकवण बाहेरच्या माणसाला जर कुठे लागू पडत असेल तर ती इथे.

म्हणून अशा शिबिराची जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. ही कथा, हा विधी कोणत्या लोकांचा आहे, आणि त्यांचं नाव तुम्ही शेवटपर्यंत घेणार आहात का? सांगायची परवानगी कोणी दिली? शुल्कातला वाटा त्यांच्याकडे जातो का? पेयोटीसारखी वाढायला वर्षानुवर्षं घेणारी वनस्पती असेल तर ती कुठून आणली, आणि ज्यांचा धर्मच तिच्यावर उभा आहे त्यांना ती पुरते का? आणि शेवटी, तुमचं चुकलं तर तुम्हाला थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पहिल्या प्रश्नांना गुळगुळीत उत्तरं मिळतात, मी ऐकली आहेत. शेवटच्या प्रश्नाला शिक्षक एखाद्या माणसाचं, एखाद्या जमातीच्या मंडळाचं, एखाद्या गुरूचं नाव घेऊ शकला, तर बसावं. नाव घेता आलं नाही, तर ढोल घरी वाजवता येतो.